गवंड्यांची खुर्ची

गवंड्याच्या पिशवीत तीन वस्तू हमखास सापडतात: गुण्या, पाणसळ आणि ओळंबा. गुण्याने काटकोन तपासायचा, पाणसळीने थर सपाट बसला आहे का ते पाहायचे, ओळंब्याने भिंत सरळ उभी आहे याची खात्री करायची. आयुष्यात बहुधा एक वीटही न रचलेल्या मंडळींनी हीच तीन साधने चांदीची करून गळ्यात घातली आणि स्वतःला फ्रीमेसन, म्हणजे मुक्त गवंडी, म्हणवून घेतले. त्यांच्या शाखेला लॉज म्हणतात. लॉजच्या प्रमुखाच्या, म्हणजे मास्टरच्या, गळ्यात गुण्या असतो. त्याच्या खालोखालच्या सीनियर वॉर्डनकडे पाणसळ आणि ज्युनियर वॉर्डनकडे ओळंबा. मुंबईत फोर्टमधल्या सुखडवाला मार्गावर या मंडळींचे सभागृह आहे. अशा वास्तूंना उत्तर हिंदुस्थानात लोक सरळ 'जादूघर' म्हणत आले. बंद दाराआड काय चालते हे कुतूहल तीनशे वर्षे जुने, आणि तितकेच फुकटचे. सॅम्युअल प्रिचर्ड नावाच्या माणसाने १७३० सालीच लंडनमध्ये सगळे विधी छापून विकायला काढले होते. तेव्हा गुपिताचे सोडून देऊ. या संस्थेच्या इतिहासात मला मोलाची वाटते ती तिची खुर्ची: तिच्यावर माणूस कसा बसतो, बसताना काय बोलतो आणि कधी उठतो. पश्चिम हिंदुस्थानात या संस्थेने काही रुजवले असेल, तर ते या वर्षभराच्या खुर्चीतून, असे माझे म्हणणे आहे.

आधी बसण्याची रीत पाहू. लॉजचा मास्टर साधारणपणे एका वर्षासाठी निवडला जातो. इंग्रजी घटनेप्रमाणे खास परवानगीवाचून कोणी सलग दोन वर्षांहून अधिक काळ त्या जागी राहू शकत नाही. आधी वॉर्डन म्हणून काम केल्याशिवाय मास्टर होता येत नाही, आणि वॉर्डनपदापर्यंत पोचायला दाराच्या आतल्या पहारेकऱ्यापासून डीकनपर्यंत पायऱ्या चढाव्या लागतात. निवड झाली की पदग्रहणाच्या दिवशी सेक्रेटरी जुने दंडक एकेक करून वाचतो आणि नियोजित मास्टर प्रत्येकाला मान्यता देतो. हे सगळ्या बंधूंच्या, म्हणजे सभासदांच्या, देखत होते. मग ज्यांनी हे पद भूषवलेले नाही ते बाहेर जातात, आणि आजवरचे मास्टर नव्या माणसाला पूर्वेकडच्या खुर्चीत बसवतात. तिला सॉलोमन राजाची खुर्ची म्हणतात. बाहेर गेलेले परत येतात, अभिवादन करतात. नव्या मास्टरच्या हाती लॉजची सनद, घटनेचे पुस्तक आणि उपविधी येतात, आणि तो आपल्या अधिकाऱ्यांच्या गळ्यात त्यांची चिन्हे घालतो. नव्या मास्टरने सर्वांचे आभार मानायचे ते या दिवशी. 'वर्शिपफुल मास्टर' या बिरुदाने पुष्कळांना बिचकवले आहे. जुन्या इंग्रजीत त्या विशेषणाचा अर्थ 'आदरणीय' एवढाच होता, पूजेचा त्यात संबंध नाही.

आभाराची ही वेळ लक्षात घेण्यासारखी आहे. आपल्या सभांमध्ये आभारप्रदर्शन शेवटी येते, आणि ते बहुधा कार्यवाह किंवा एखादा होतकरू कार्यकर्ता करतो, तेही श्रोते चपला शोधत असताना. अध्यक्षाने आभार मानायचे नसतात, स्वीकारायचे असतात. लॉजमध्ये आभार मानतो तो खुर्चीत बसलेला माणूस, आणि कामाला हात घालण्याच्या आधी. झालेल्या कामाबद्दल आभार मानले की व्यवहार मिटतो. न झालेल्या कामाबद्दल मानले की देणे सुरू होते. खुर्ची माझी नव्हती, तुम्ही दिलीत, आणि पुढच्या वर्षी याच दिवशी ती मी दुसऱ्याला द्यायची आहे, ही त्यातली कबुली. गादी आणि खुर्ची यांतला फरक मराठी माणसाला वेगळा समजावून सांगायला नको. गादीवर बसणारा बापाचे ऋण मानतो. या खुर्चीवर बसणाऱ्याला ऋण मानायला समोर बसलेल्या माणसांखेरीज दुसरे कोणी नसते.

ही व्यवस्था मुळापासून निर्मळ होती असे मात्र समजू नये. २४ जून १७१७ रोजी लंडनमधल्या चार लॉजेसनी सेंट पॉलच्या आवारातल्या एका दारूच्या गुत्त्यात जमून पहिली ग्रँड लॉज, म्हणजे लॉजेसची शिखरसंस्था, स्थापली आणि अँथनी सेयर यांना ग्रँडमास्टर केले, अशी परंपरागत कथा आहे. ती पहिल्यांदा सविस्तर छापली गेली १७३८ साली, त्यामुळे अलीकडच्या काही इतिहासकारांना तिच्याबद्दल शंका आहे. निर्विवाद आहे तो १७२३ चा जेम्स अँडरसन यांचा घटनाग्रंथ. त्यातल्या चौथ्या कलमात म्हटले आहे की बढती खरी लायकी आणि स्वतःचे गुण यांवरच मिळेल. तेच कलम थोडे पुढे गेल्यावर सांगते की ग्रँडमास्टर मात्र उमराव कुळातला तरी हवा, किंवा उत्तम प्रतिष्ठेचा गृहस्थ, थोर विद्वान, निष्णात वास्तुकार असा कोणी तरी हवा. एकाच कलमात गुणांची भाषा आणि कुळाची पुस्तीही! व्यवहारात कुळ जिंकले. १७२१ मध्ये माँटेग्यूचे ड्यूक ग्रँडमास्टर झाल्यापासून इंग्लंडातली ती जागा उमरावांकडे आणि राजपुत्रांकडेच राहिली. ससेक्सचे ड्यूक १८१३ पासून १८४३ पर्यंत तिथे होते, कॉनॉटचे ड्यूक १९०१ पासून १९३९ पर्यंत, आणि १९६७ मध्ये निवडलेल्या केंटच्या ड्यूकांनी त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ काढला. म्हणजे खुर्च्या दोन: तळाची दरसाल रिकामी होणारी, आणि माथ्याची, जी जवळजवळ गादीच. या संस्थेची स्तुती करणारे पहिलीकडे बोट दाखवतात, टीका करणारे दुसरीकडे, आणि दोघेही खोटे बोलत नाहीत.

मुंबईत इंग्रजी लॉज १७५८ पासून होती, पण ती गोऱ्यांची. तिथली खरी गोष्ट सुरू होते जेम्स बर्न्स यांच्यापासून. हे कंपनी सरकारचे डॉक्टर. काही काळ भूजच्या रेसिडेन्सीत सर्जन होते, तिथून सिंधच्या दरबारी गेले, आणि त्या प्रवासावर त्यांनी पुस्तक लिहिले. काबूलमध्ये १८४१ साली मारले गेलेले अलेक्झांडर बर्न्स हे त्यांचे धाकटे भाऊ. कवी रॉबर्ट बर्न्स त्यांचे नातलग, आणि तोही लॉजमधला. १७८४ साली टारबोल्टनच्या लॉजचा उपप्रमुख झालेला. स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजने जेम्स बर्न्स यांना १८३६ मध्ये पश्चिम हिंदुस्थानचे प्रांतिक ग्रँडमास्टर नेमले, आणि मुंबईत त्यांचे वजन असे की लॉज पर्सिव्हिअरन्स ही इंग्रजी शाखा आपले घराणे बदलून स्कॉटिश झाली. याच लॉजकडे माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थांनी प्रवेश मागितला. त्यांना नकार मिळाला. माणेकजी थेट पॅरिसला गेले आणि तिथल्या एका फ्रेंच लॉजमध्ये रीतसर दीक्षा घेऊन आले. आता ते बाहेरचे उमेदवार उरले नव्हते. शपथ घेतलेले बंधू होते. मुंबईच्या लॉजने त्यांना तरीही दार उघडले नाही. बंधुत्वाच्या गप्पा मारणाऱ्यांना त्यांच्याच नियमांच्या कोंडीत पकडण्याचा इतका सभ्य डाव मुंबईच्या इतिहासात मला तरी दुसरा माहीत नाही.

बर्न्स यांनी वाट काढली ती नव्या लॉजची. १५ डिसेंबर १८४३ रोजी 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' स्थापन झाली, एतद्देशीयांना प्रवेश देण्यासाठीच. बर्न्स स्वतः तिचे पहिले मास्टर आणि माणेकजी सेक्रेटरी. पारशी आणि मुसलमान सभासद झाले. लॉजने बर्न्स यांच्या गौरवार्थ पदक पाडून घेतले, आणि त्याचा साचा कोरला लंडनच्या टांकसाळीतले नामांकित कारागीर विल्यम वायन यांनी. ही कृतज्ञता मनापासूनची असेल, पण ती वर पाहणारी होती. साहेबाने दार उघडले म्हणून साहेबाचे आभार. ज्या दाराबाहेर आपण उभे होतो ते मात्र तसेच बंद. नवी लॉज हा उदारपणा होता आणि वेगळी पंगतही होती. बर्न्स १८४९ साली मायदेशी गेले, पण लॉज चालू राहिली. तिथे वर्षाच्या खुर्चीचे गणित आपसूक काम करू लागले. दर साली नवा मास्टर हवा, तो वॉर्डन झालेला हवा, आणि वॉर्डन तर लॉजमधलेच. असा उपकारकर्ता दर साली कुठून आणायचा? कालांतराने माणेकजी स्वतः त्या खुर्चीत बसले. मग आभार मानायचे कोणाचे? ज्यांनी मत दिले त्यांचे. डोळे वरून खाली आले आणि समोर स्थिरावले; पाणसळीतला बुडबुडा मधोमध आला म्हणा ना. खरशेदजी रुस्तमजी कामा यांच्यासारखा विद्वान १८७० च्या दशकात याच लॉजमधल्या बंधूंपुढे झरथुष्ट्री धर्म आणि फ्रीमेसनरी, मुंबईतल्या एतद्देशीयांमधली फ्रीमेसनरी अशा विषयांवर व्याख्याने देतो आणि ती छापतो, तेव्हा बोलणारा घरचा यजमान असतो.

या कारभाराचे मोल कळण्यासाठी शेजारीच उभे राहिलेले एक मराठी घर पाहावे. रायझिंग स्टारनंतर पाच-सहा वर्षांनी, १८४९ च्या सुमारास, याच शहरात परमहंस सभा निघाली. दादोबा पांडुरंग तिच्या मुळाशी आणि राम बाळकृष्ण जयकर तिचे अध्यक्ष. तीही गुप्त. नव्या सभासदाने ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यायचे, हा तिचा दीक्षाविधी. धाडसाच्या मापाने पाहिले तर परमहंस सभा लॉजच्या कितीतरी पुढे होती. लॉजने जातीला हात घातला नाही, फक्त दाराबाहेर ठेवून आत यायला सांगितले. रडयर्ड किपलिंग यांनी लाहोरच्या आपल्या लॉजवर कविता लिहिली, तीत शीख, ब्राह्मो, मुसलमान, यहुदी, पारशी सगळे एकत्र बसतात, पण मेजवानी घालत नाहीत, कारण कोणाची जात बाटायची. तरीही १८६० च्या आगेमागे परमहंस सभेचे दप्तर चोरीला गेले, सभासदांची नावे बाहेर फुटण्याच्या धाकाने मंडळी पांगली आणि सभा बुडाली. लॉजचे दप्तर चोरीला गेले असते तर? काही बिघडले नसते. ब्रिटनमध्ये १७९९ च्या कायद्याने गुप्त मंडळांवर बंदी आली तेव्हा फ्रीमेसन लॉजेसना सूट मिळाली, ती दर साल सभासदांची यादी सरकारदरबारी दाखल करण्याच्या अटीवर. लॉजचे गुपित खुणांपुरते, नावे उघड. परमहंसांचे खरे गुपित म्हणजे नावेच. आणि दुसरा फरक पुन्हा खुर्चीचा. अ. का. प्रियोळकरांनी या सभेचा इतिहास लिहिला, त्या पुस्तकाच्या शीर्षकातच सभेच्या नावाला लागून तिच्या अध्यक्षाचे नाव येते. एक सभा, एक माणूस. कोण्या लॉजचा इतिहास एका मास्टरच्या नावाने लिहावा म्हटले तर लिहिणाऱ्याला कोणता निवडावा तेच कळणार नाही.

यावर पहिला आक्षेप उघड आहे: हे सगळे साम्राज्याचे लेणे होते. ११ नोव्हेंबर १८७५ चा मुंबईचा देखावा डोळ्यांसमोर आणा. युवराज एडवर्ड त्याच वर्षी इंग्लंडचे ग्रँडमास्टर झालेले. हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आल्यावर त्यांनी पुढे प्रिन्सेस डॉक म्हणून ओळखल्या गेलेल्या गोदीची कोनशिला फ्रीमेसन विधीने बसवली. दगडावर धान्य, मद्य आणि तेल वाहण्याचा तो विधी. पुढे १८८६ नंतर कॉनॉटचे ड्यूक मुंबई इलाख्याचे सेनापती होते आणि त्याच वेळी मुंबईचे डिस्ट्रिक्ट ग्रँडमास्टरही. तलवार आणि गुण्या एकाच हातात. हे नाकारण्यात अर्थ नाही. माथ्याची खुर्ची राज्यकर्त्यांची होती आणि तिच्याभोवतीची कृतज्ञता मुजऱ्याच्या जातीची होती. पण आक्षेप घेणारे याच गोष्टीतला एक धागा सोडून देतात. एडवर्ड यांच्या आधी ती जागा लॉर्ड रिपन यांची होती. १८७४ मध्ये ते कॅथलिक झाले, आणि पोपने १७३८ पासून फ्रीमेसनरी निषिद्ध ठरवलेली असल्यामुळे त्यांनी ग्रँडमास्टरपदाचा राजीनामा दिला. हेच रिपन १८८० मध्ये व्हाइसरॉय म्हणून आले आणि १८८२ च्या स्थानिक स्वराज्याच्या ठरावात त्यांनी नगरपालिकांचे अध्यक्ष शक्यतो बिनसरकारी असावेत असे सुचवले. लॉजने रिपन यांना हे शिकवले असा दावा मी करणार नाही. पुरावा नसताना जोडलेली नाती इतिहासाला महागात पडतात. मुंबईच्या पालिकेने मात्र आपल्या अध्यक्षाची, १९३१ पासूनच्या महापौराची, निवड वर्षावर्षाने केली आणि ते पद हिंदू, पारशी, मुसलमान, युरोपीय असे फिरते ठेवण्याचा रिवाज दीर्घकाळ पाळला. खुर्ची फिरती ठेवण्याची सवय या शहराला एकाच दारातून लागली नसेल, पण त्या दारांपैकी एक लॉजचे होते असे म्हणायला हरकत नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त बोचणारा वाटतो. ही निवड कसली, ही तर शिडी! एकदा पहिल्या पायरीवर पाय ठेवला की सात-आठ वर्षांनी माणूस आपोआप खुर्चीत पोचतो, मग ते आभार म्हणजे पाठांतर. खरे आहे. विधीची भाषणे तोंडपाठ करावी लागतात आणि पुष्कळ मास्टर सामान्य वकुबाचेच असतात. पण या सामान्यपणातच मला व्यवस्थेचे शहाणपण दिसते. थोर माणसाला खुर्ची देणे सोपे असते, परत घेणे कठीण. ते आपण संस्थांचा गेल्या शंभर वर्षांचा कारभार पाहून जाणतो. सामान्य माणसाला वर्षभर खुर्ची दिली तर तो फारसे बिघडवू शकत नाही, आणि उठताना रडतही नाही. पाठ केलेले आभार खोटेच असतात हेही पटत नाही. लग्नात म्हटलेली वचनेही पाठच असतात. ती म्हटल्यामुळे देणे लागू होते, मग म्हणताना मन कुठे का असेना.

वगळलेल्यांचा आक्षेप मात्र मी खोडू शकत नाही. अँडरसनच्या ग्रंथाने गुलाम आणि स्त्रिया यांना दार बंद केले. गुलामीचे उच्चाटन झाल्यावर इंग्लंडच्या ग्रँड लॉजने १८४७ मध्ये 'जन्मतः मुक्त' ही अट बदलून नुसते 'मुक्त' केले; स्त्रियांचे कलम राहिले. माणेकजी करसेटजींनी १८६३ मध्ये मुंबईत मुलींसाठी अलेक्झांड्रा शाळा काढली, पण ज्या संस्थेत आपल्याला प्रवेश मिळावा म्हणून ते पॅरिसपर्यंत गेले तिथे त्या मुलींना जागा नव्हती. फ्रान्समध्ये स्त्रीपुरुषांची संयुक्त शाखा १८९३ साली निघाली आणि ॲनी बेझंट १९०२ मध्ये तिच्यात गेल्या, तो वेगळाच प्रवाह. हिंदूंचीही वाट सरळ नव्हती. कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्त यांनी १८६३ मध्ये अर्ज केला. अनेक देव मानणाऱ्याला एका विश्वकर्त्याची शपथ कशी द्यायची, हा पेच पुढे झाला. प्रवेश मिळाला १८७२ मध्ये. त्याच कलकत्त्यातल्या अँकर अँड होप लॉजमध्ये १९ फेब्रुवारी १८८४ रोजी नरेंद्रनाथ दत्त नावाच्या तरुणाने दीक्षा घेतली, जो पुढे विवेकानंद झाला. बारा वर्षांत पेच इतका सैल झाला होता.

स्वातंत्र्यानंतर चौदा वर्षांनी, २४ नोव्हेंबर १९६१ रोजी, दिल्लीत भारताची स्वतंत्र ग्रँड लॉज स्थापन झाली. इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड या तिन्ही घराण्यांच्या संमतीने झाली, आणि ज्या लॉजेसना जुन्याच सनदेखाली राहायचे होते त्या राहिल्या. वेदीवर गीता, कुराण, बायबल, ग्रंथसाहेब, अवेस्ता असे अनेक धर्मग्रंथ आले. पहिले ग्रँडमास्टर कोण? रामपूरचे नवाब सय्यद रझा अली खान. माथ्याच्या खुर्चीने इथेही कुळ शोधले. अँडरसनला कौतुक वाटले असते.

तळाच्या खुर्चीचे काम पूर्वीसारखेच चालते. खुर्ची सोडणाऱ्या मास्टरला इंग्रजी परंपरेत एक पदक मिळते. त्यावर गुण्या असतो आणि त्याला टांगलेली युक्लिडच्या पहिल्या पुस्तकातल्या सत्तेचाळिसाव्या प्रमेयाची आकृती: काटकोन त्रिकोण आणि त्याच्या बाजूंवरचे तीन चौरस. बौधायनाच्या शुल्बसूत्रात यज्ञवेदी बांधणाऱ्यांना हीच गोष्ट दोरीने मापून सांगितलेली आहे, तेव्हा आपल्या गवंड्यांना ती परकी वाटू नये. पदक मिळाले म्हणून कालचा मास्टर घरी जात नाही. वर्षभर तो नव्या मास्टरच्या डाव्या हाताला बसतो. अधिकार म्हणावा असे त्याच्याकडे फारसे काही नसते. पण नवा माणूस लांबलचक विधी म्हणता म्हणता मध्येच अडला, की सगळे सभागृह गप्प राहते आणि शेजारच्या खुर्चीतून हलक्या आवाजात पुढचा शब्द येतो.